लहान उपदीर्घिकांमधील तारानिर्मिती केव्हा थांबली, आणि ते आपल्याला कसे कळते

वाशीला राहणाऱ्या आणि सध्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला दोन प्रश्न लिहून पाठवले आहेत. आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिकांमध्ये, म्हणजे उपदीर्घिकांमध्ये, कोणत्या काळात किती तारे जन्मले हे आज त्यांच्याकडे पाहून कसे सांगता येते, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की, या दीर्घिकांमधील तारानिर्मिती थांबण्याचे कारण एका ठिकाणी ‘विश्वाचे पुनर्आयनीभवन’ (पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने विश्वातील वायू तापणे व त्याचे आयनांत रूपांतर होणे) असे दिलेले असते, तर दुसऱ्या ठिकाणी ‘आकाशगंगेने त्यांचा वायू हिरावून घेतला’ असे असते. तेव्हा यांपैकी खरे कोणते मानावे. हे दोन प्रश्न वेगळे दिसले तरी दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावरच अवलंबून आहे. तारानिर्मिती थांबल्याची तारीख किती कच्ची किंवा पक्की आहे हे पाहिल्याशिवाय ती का थांबली याची चर्चा करणे म्हणजे पंचनाम्याआधीच निकाल देणे होय, आणि ही चूक या विषयात अनुभवी माणसांकडूनही होते. म्हणून आधी तारखेविषयी सविस्तर लिहिते.

आज आकाशगंगेच्या सुमारे साठ उपदीर्घिका ज्ञात आहेत. त्यांतील सर्वांत मोठी उपदीर्घिका म्हणजे ‘मोठा मॅगेलनी मेघ’ आणि त्यातील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान काही अब्ज सूर्यांइतके आहे. फॉरनॅक्स त्याच्या मानाने बरीच लहान असून तिच्यात दोन कोटी सूर्यांच्या आसपास वस्तुमान तारकारूपात आहे. स्कल्प्टर आणि फॉरनॅक्स या दोन दीर्घिका १९३८ मध्ये हार्लो शॅप्ली यांनी प्रसिद्ध केल्या, कॅरिना १९७७ मध्ये सापडली, आणि २००५ नंतर स्लोन या आकाश-सर्वेक्षणातून अत्यंत मंद अशा उपदीर्घिकांची रांगच लागली. यांतील सेग्यू-१ सारख्या दीर्घिकेचा सगळा प्रकाश एकत्र केला तरी तो काही शेकडो सूर्यांइतकाच भरतो. एवढ्या थोड्या ताऱ्यांच्या समूहाला दीर्घिका म्हणायचे, कारण ताऱ्यांच्या गतींवरून तिच्यात कृष्णद्रव्याचे प्रमाण प्रचंड असल्याचे दिसते आणि ताऱ्यांमधील धातुप्रमाणातही (खगोलशास्त्रात हेलियमपेक्षा जड सगळी मूलद्रव्ये म्हणजे धातू) फरक आढळतो. वस्तुमानाचा हा पल्ला एक कोटी पटींपर्यंत पसरलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. ‘लहान उपदीर्घिका’ या एका नावाखाली आपण फार वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधतो आणि मग त्यांच्यासाठी एकच कारण शोधत बसतो.

आता पद्धतीकडे वळू. एकेका सुट्या ताऱ्याचे वय त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही, पण तारे हजारोंच्या संख्येने दिसत असतील तर त्यांचा रंग आडव्या अक्षावर आणि त्यांची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) उभ्या अक्षावर मांडून रंग-प्रत आलेख काढता येतो. तारा हायड्रोजन जाळत असेपर्यंत मुख्य क्रमावर असतो. केंद्रातील हायड्रोजन संपला की तो मुख्य क्रम सोडून वळतो, उपराक्षसी शाखेवरून तांबड्या राक्षसी शाखेकडे जातो. जड तारे आधी वळतात आणि हलके नंतर, त्यामुळे मुख्य क्रम जिथे संपतो तो वळणबिंदू जितका मंद, तितका तो समूह म्हातारा. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे आणि बारा-तेरा अब्ज वर्षांपूर्वी जन्मलेल्या, धातू कमी असलेल्या ताऱ्यांपैकी सूर्याच्या सुमारे ०.८ पट वस्तुमानाचे तारे आज नेमके वळणबिंदूवर आलेले आहेत. त्यांची निरपेक्ष प्रत, म्हणजे सगळे तारे एकाच ठरावीक अंतरावर आहेत असे धरून काढलेली प्रत, साधारण ४ असते. दीर्घिका सव्वातीन लाख प्रकाशवर्षांवर असेल, तर हाच वळणबिंदू २४ व्या प्रतीच्या आसपास दिसतो. नुसत्या डोळ्यांना काळोख्या आकाशात जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा हा तारा सुमारे दीड कोटी पटींनी मंद आहे. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेच्या उपदीर्घिकांसाठी हीच मर्यादा २८ व्या प्रतीच्या पलीकडे जाते, आणि तिथे हबल दुर्बिणीलाही एकेका दीर्घिकेसाठी पृथ्वीभोवतीच्या अनेक फेऱ्या खर्च कराव्या लागतात.

कोणताही शोधनिबंध हाती आला की मी सर्वांत आधी एवढेच पाहते की निरीक्षणे सर्वांत जुन्या वळणबिंदूच्या खाली, निदान अर्धी-एक प्रत खाली, पोचली आहेत की नाहीत. पोचली नसतील, तर पहिल्या काही अब्ज वर्षांविषयी त्यात जे लिहिलेले असते ते प्रतिकृतींनी, म्हणजे सैद्धांतिक गणितांनी, सांगितलेले असते. त्या दीर्घिकेच्या ताऱ्यांनी सांगितलेले नसते.

वळणबिंदू दिसला म्हणजे सगळे कळले असेही नाही. येऊरच्या डोंगरावरून ठाण्याकडे पाहिले, तर शहर कोणत्या क्रमाने वाढले हे अनोळखी माणसालाही सांगता येईल. नौपाड्यातील जुन्या बैठ्या इमारती, वागळे इस्टेटमधील कारखान्यांची छपरे आणि घोडबंदर रस्त्यावरचे उंच मनोरे यांची वये वेगळी आहेत हे उघड दिसते. घोडबंदरचा अमुक मनोरा पाच वर्षांपूर्वीचा की पंधरा, हेही बऱ्यापैकी ओळखता येते. पण नौपाड्यातील दोन शेजारशेजारच्या जुन्या घरांपैकी एक १९५२ चे आणि दुसरे १९५६ चे, हे तिथून कोणीही सांगू शकणार नाही. ताऱ्यांचे अगदी तसेच आहे. एक अब्ज आणि दोन अब्ज वर्षे वयाच्या समूहांच्या वळणबिंदूंमध्ये सुमारे पाऊण प्रतीचा फरक पडतो. बारा आणि तेरा अब्ज वर्षे वयाच्या समूहांमध्ये मात्र हा फरक जेमतेम ०.१ प्रत उरतो. आता असे पाहा, की दीर्घिकेचे अंतर मोजताना पाच टक्क्यांची चूक झाली तर प्रतीमध्ये ०.१ चीच चूक होते. म्हणजे अंतरातील अगदी सामान्य अनिश्चितता एवढ्याने तारानिर्मिती एक अब्ज वर्षे मागे किंवा पुढे सरकते. विश्वाच्या इतिहासातील ज्या पहिल्या अब्ज वर्षांवर सगळा वाद आहे, तिथेच आपले घड्याळ सर्वांत बोथट आहे. या उत्तरातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

तांबड्या राक्षसी ताऱ्यांवरून वय काढण्याचा मोह तर फारच टाळावा. ते तेजस्वी असल्यामुळे थोड्या निरीक्षणातही दिसतात, परंतु वय वाढले तरी तारा तांबडा होतो आणि धातुप्रमाण वाढले तरीही तांबडाच होतो, त्यामुळे तरुण व धातुसमृद्ध तारा आणि म्हातारा व धातुविरळ तारा एकाच जागी येऊन बसतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅरिना ही आहे. तिची राक्षसी शाखा इतकी अरुंद आहे की केवळ तीच पाहिली, तर सगळे तारे एकाच वेळी जन्मले असे कोणीही म्हणेल. माझ्या घरातील अभ्यासिकेच्या भिंतीवर कॅरिनाचा रंग-प्रत आलेख मोठ्या कागदावर छापून लावलेला आहे. दारातून पाहिले तर वरची अरुंद शाखाच तेवढी नजरेत भरते. जवळ जाऊन कागदाच्या खालच्या भागाकडे पाहिले की मुख्य क्रमापासून उजवीकडे निघणारी उपराक्षसी शाखा एक नसून तिचे स्पष्ट वेगवेगळे पदर आहेत हे दिसते, आणि त्या पदरांच्या मध्ये कागद जवळजवळ कोरा आहे. ती कोरी जागा म्हणजे तारानिर्मिती थंडावल्याचा काळ होय. दहा अब्ज वर्षांहून जुनी एक पिढी, मग काही अब्ज वर्षांची शांतता, आणि नंतर पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वीच्या सुमारास जन्मलेली दुसरी मोठी पिढी असा तिचा इतिहास आहे. नंतरच्या पिढीचे धातुप्रमाण थोडे वाढले, वय मात्र कमी होते, आणि हे दोन परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात म्हणून वरची शाखा अरुंद राहिली. येणारे विद्यार्थी त्या कागदासमोर उभे राहिले की मी आधी काही बोलत नाही. कोरी जागा त्यांना स्वतःला सापडली पाहिजे, असे मला वाटते.

प्रत्यक्ष काम करताना एकेक समवय वक्र (एकाच वयाचे तारे आलेखावर जिथे पडायला हवेत ती रेषा) आलेखावर ठेवून डोळ्यांनी वय ठरवणे ही केवळ सुरुवात असते. खरी रीत अशी की संगणकावर वेगवेगळ्या वयांचे आणि धातुप्रमाणांचे कृत्रिम तारकासमूह तयार करायचे, ताऱ्यांच्या जन्मवेळच्या वस्तुमानांचे वाटप आणि जोडताऱ्यांचे प्रमाण गृहीत धरायचे, आणि या समूहांचे कोणत्या प्रमाणातील मिश्रण निरीक्षणांशी सर्वांत चांगले जुळते ते संख्याशास्त्राने शोधायचे. मरून गेलेल्या जड ताऱ्यांची संख्याही याच वाटपावरून काढली जाते, कारण आज उरलेले तारे म्हणजे जन्मलेल्यांपैकी फक्त दीर्घायुषी.

या सगळ्यात ज्या पायरीवर सर्वांत जास्त वेळ जातो आणि जिच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते, ती कृत्रिम ताऱ्यांची चाचणी होय. मूळ प्रतिमेतच आपल्याला माहीत असलेल्या प्रतीचे आणि रंगाचे खोटे तारे पेरायचे, थोडे थोडे करून लाखोंच्या संख्येने, आणि खऱ्या ताऱ्यांसाठी वापरलेलीच मोजणी पुन्हा चालवून किती खोटे तारे परत सापडतात व किती चुकीच्या प्रतीने सापडतात ते नोंदवायचे. गर्दीच्या भागात मंद तारा शेजारच्या तेजस्वी ताऱ्याच्या प्रकाशात बुडून जातो, किंवा दोन मंद तारे मिळून एक तेजस्वी तारा असल्यासारखे मोजले जातात, आणि असा भासमान तारा वळणबिंदूच्या वर जाऊन बसला की तो तरुण असल्याचा भास होतो. ही चाचणी नीट केलेली नसेल तर पुढचे सगळे गणित वाऱ्यावर उभे राहते.

माझ्या स्वतःच्या कामातील एक चूक इथे सांगणे मला आवश्यक वाटते. संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मंद उपदीर्घिकेचा आलेख जुळवत होते आणि उत्तर असे आले की तिच्यातील काही टक्के तारे अवघ्या दोन-तीन अब्ज वर्षांपूर्वी जन्मले आहेत. वळणबिंदूच्या वर, निळ्या बाजूला, तारे खरोखरच दिसत होते, म्हणून मी तसा मसुदा लिहून काढला आणि तो माझ्या मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी एकच विचारले, की हे निळे तारे दीर्घिकेत कसे पसरले आहेत. मी पाहिलेच नव्हते. पाहिल्यावर कळले की ते जुन्या ताऱ्यांप्रमाणेच सगळीकडे पसरलेले आहेत, त्यांची संख्या क्षैतिज शाखेवरील (राक्षसी शाखेनंतरच्या टप्प्यातील म्हाताऱ्या) ताऱ्यांच्या संख्येशी ठरावीक प्रमाणात आहे, आणि त्यांच्यापैकी एकही तारा वळणबिंदूच्या ताऱ्याच्या दुप्पट वस्तुमानापलीकडे जात नाही. ते तरुण तारे नव्हते. जोडताऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याचे द्रव्य ओढून घेतले, किंवा दोघे मिळून एक झाले, की अशा ‘निळ्या रेंगाळलेल्या’ ताऱ्यांचा जन्म होतो. म्हाताऱ्याने तारुण्य परत मिळवल्यासारखे ते दिसतात. खरे तरुण तारे बहुधा केंद्राकडे एकवटलेले असतात. त्या दीर्घिकेतील तारानिर्मिती प्रत्यक्षात दहा अब्ज वर्षांपूर्वीच संपलेली होती. तेव्हापासून तारानिर्मितीच्या दराचा आलेख पाहण्याऐवजी मी नेहमी बेरजेचा आलेख पाहते, म्हणजे अमुक काळापर्यंत एकूण ताऱ्यांपैकी किती टक्के जन्मून झाले होते. नव्वद टक्के पूर्ण झाल्याची वेळ ही थांबण्याची तारीख मानली, तर या फसव्या ताऱ्यांची शेपटी बरीचशी बाजूला पडते.

पडताळ्यासाठी दुसरी घड्याळेही आहेत. आरआर लायरी प्रकारचे स्पंदन पावणारे तारे दिसले की दहा अब्ज वर्षांहून जुनी पिढी त्या दीर्घिकेत आहे हे निश्चित होते, शिवाय त्यांच्यावरून अंतरही मिळते. मॅग्नेशियम आणि लोह यांचे गुणोत्तर हे आणखी एक घड्याळ आहे. जड ताऱ्यांचे सुपरनोव्हा स्फोट काही कोटी वर्षांत होतात आणि मॅग्नेशियम देतात, तर श्वेत बटूंचे (हलक्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांचे) स्फोट पुष्कळ उशिरा सुरू होऊन भरपूर लोह देतात. म्हणून गुणोत्तर उतरू लागले की तारानिर्मिती श्वेत बटूंचे स्फोट सुरू होण्याइतका काळ टिकली होती असे समजते. जिथे वळणबिंदूचे घड्याळ बोथट होते तिथेच हे रासायनिक घड्याळ तीक्ष्ण असते, आणि म्हणून स्कल्प्टरसारख्या दीर्घिकेत दोन्ही एकत्र वापरणे मला अपरिहार्य वाटते. स्कल्प्टरमध्ये तारानिर्मिती सहा-सात अब्ज वर्षे रेंगाळली असे एका अभ्यासातून निघाले आणि जेमतेम दोन अब्ज वर्षांत आटोपली असे दुसऱ्यातून. यामागील एक कारण कोणता भाग पाहिला हेही आहे, कारण हबलच्या मुख्य सर्वेक्षण कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र जेमतेम साडेतीन कलांचे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि या दीर्घिका आकाशात त्याच्या कितीतरी पट पसरलेल्या आहेत.

आता तारखा पाहू. ड्रॅको आणि अर्सा मायनर या दोन्ही दीर्घिका जवळजवळ पूर्णपणे म्हाताऱ्या आहेत. त्यांचे तारे दहा अब्ज वर्षांहून जुने आहेत. फॉरनॅक्समध्ये मात्र दहा-वीस कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे खगोलाच्या हिशेबात काल-परवापर्यंत, तारे जन्मत होते. अतिमंद दीर्घिकांविषयीचे सर्वांत महत्त्वाचे काम टॉम ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबलच्या साह्याने २०१२ ते २०१४ या काळात प्रसिद्ध केले. बूटीस-१, केन्स व्हेनॅटिसी-२, कोमा बेरेनिसिस, हर्क्युलिस, लिओ-४ आणि अर्सा मेजर-१ या सहा दीर्घिकांची तुलना त्यांनी एम-९२ या अतिप्राचीन गोलाकार तारकागुच्छाशी केली आणि असे दाखवले की त्यांतील सुमारे ८० टक्के तारे १२.८ अब्ज वर्षांपूर्वीच जन्मून झाले होते. सहाही दीर्घिका एकमेकींपासून दूर, वेगवेगळ्या कक्षांत फिरणाऱ्या, आणि तरीही सर्वांचे आलेख जवळजवळ एकसारखे. एखादे सर्वत्र लागू असणारे कारण असल्याखेरीज असे व्हावे कसे, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो मला आजही वजनदार वाटतो.

ते सर्वव्यापी कारण म्हणजे पुनर्आयनीभवन. महास्फोटानंतर सुमारे एक अब्ज वर्षांच्या आत पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशाने विश्वातील विरळ हायड्रोजन वायूचे पुन्हा आयनांत रूपांतर झाले आणि तो दहा हजार केल्विन किंवा त्याहून अधिक तापला. कृष्णद्रव्याचा घेर पुरेसा जड नसेल तर इतका तापलेला वायू त्याच्या गुरुत्वाला जुमानत नाही, आणि नवा वायू आत उतरत नाही. जवळ होता तेवढा वायू काही काळ तारे घडवतो, सुपरनोव्हा स्फोट उरलेला उडवून लावतात, आणि दीर्घिका विझते. फॉरनॅक्ससारख्या जड दीर्घिकेला याची विशेष झळ बसत नाही, हेही या चित्राशी सुसंगत आहे.

मात्र आकाशगंगेच्या जवळच्याच दीर्घिका पाहून हे निष्कर्ष काढलेले आहेत, आणि माझा आक्षेप तिथे सुरू होतो. लिओ-टी ही २००७ मध्ये सापडलेली दीर्घिका साडेतेरा लाख प्रकाशवर्षांवर आहे. ती लहान आहे, तरी तिच्यात आजही काही लाख सूर्यांइतका हायड्रोजन वायू आहे आणि तिच्यातील तारानिर्मिती अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. त्याहून बोलकी लिओ-पी आहे. ती ५० लाखांहून अधिक प्रकाशवर्षांवर, कोणत्याही मोठ्या दीर्घिकेपासून दूर, एकटी आहे. वेब दुर्बिणीने तिचा सर्वांत जुना वळणबिंदू पाहिला, तेव्हा तिच्यात सुरुवातीला तारे जन्मले, पुनर्आयनीभवनानंतर निर्मिती दीर्घकाळ थबकली, आणि मग पुन्हा सुरू होऊन आजतागायत चालू आहे असे दिसले. २०२४ मधील हे काम या विषयातील गेल्या काही वर्षांतील सर्वांत महत्त्वाचे आहे असे मी मानते. देवयानीच्या उपदीर्घिकांपैकी अँड्रोमेडा-१६ ही तर केवळ एक लाख सूर्यांच्या आसपासची, पण तिच्यात सुमारे सहा अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत तारे जन्मत होते. म्हणजे पुनर्आयनीभवनाने या दीर्घिकांचा श्वास अडकला हे खरे, पण ज्यांना पुढे मोकळीक मिळाली त्यांनी तो पुन्हा घेतला.

दुसऱ्या बाजूचा पुरावा वायूचा आहे आणि तो फार साधा आहे. आकाशगंगेपासून सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आत, मॅगेलनी मेघ सोडले, तर जवळजवळ कोणत्याही उपदीर्घिकेत उदासीन (आयन न झालेला) हायड्रोजन सापडत नाही. त्या पलीकडच्या बटू दीर्घिकांत तो बहुधा सापडतो. मला हा पुरावा विशेष जवळचा वाटतो, कारण हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर मोजणारी मोठी दुर्बीण आपल्या अगदी जवळ आहे. माळशेज घाट चढून ओतूरवरून गेले की नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पसरलेल्या आहेत, आणि मंद, अनियमित, एकट्या दीर्घिकांमधील वायू किती व कसा पसरला आहे याचे ‘फिग्ज’ नावाचे सर्वेक्षण त्याच दुर्बिणीवर झाले. एकट्या बटू दीर्घिका वायूने भरलेल्या असतात हे ज्या कामांमुळे ठामपणे म्हणता येते त्यांत याचा वाटा मोठा आहे. दृश्य प्रकाशातील सर्वेक्षणांतूनही हेच निघाले: तारकारूपातील वस्तुमान एक कोटी ते एक अब्ज सूर्यांच्या दरम्यान असलेल्या दीर्घिका मोठ्या शेजाऱ्यापासून दूर असतील तर त्यांच्यात तारानिर्मिती थांबलेली जवळजवळ कधीच आढळत नाही.

आकाशगंगेभोवती लाखो अंश तापमानाच्या विरळ वायूचे कवच आहे. उपदीर्घिका वेगाने त्यातून जाते तेव्हा, मोटारसायकलवरून जाताना अंगावरचा सैल रुमाल उडून जावा तसा, समोरून येणाऱ्या वायूच्या दाबाने तिचा स्वतःचा वायू मागे खेचला जातो. दर फेरीत आकाशगंगेचे गुरुत्वही तिला ताणते. हे प्रत्यक्षात केव्हा घडले हे सांगायचे तर तिची कक्षा माहीत हवी, आणि ताऱ्यांच्या जागा व गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या २०१८ मधील दुसऱ्या माहितीसंचामुळे ही गोष्ट बहुतेक उपदीर्घिकांसाठी प्रथमच शक्य झाली. लिओ-१ चे उदाहरण मी नेहमी देते. वसंतात संध्याकाळी ठाण्यातील कोणत्याही गच्चीवरून मघा नक्षत्राचा तारा दिसतो. त्याच्या उत्तरेला, चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीहूनही कमी अंतरावर, ही दीर्घिका आहे. मघाच्या झगमगाटामुळे ती मोठ्या दुर्बिणीतूनही टिपणे जिकिरीचे असते. मघा आपल्यापासून ७९ प्रकाशवर्षांवर, तर लिओ-१ आठ लाखांहून अधिक. तिच्या गतीवरून गणित केले, तर ती सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेच्या सर्वांत जवळून गेली. आणि तिच्या ताऱ्यांचा आलेख स्वतंत्रपणे असे सांगतो की तिच्यातील तारानिर्मिती सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वीच थांबली. या वयात घड्याळ तीक्ष्ण असल्यामुळे मी या जुळणीवर विश्वास ठेवते.

अतिमंद दीर्घिकांच्या बाबतीत असा विश्वास ठेवता येत नाही. त्या आकाशगंगेजवळ पहिल्यांदा आल्या केव्हा, याची कक्षेवरून येणारी उत्तरे काही अब्ज वर्षांनी इकडेतिकडे होतात, कारण तेव्हा आकाशगंगा स्वतःच लहान होती आणि मोठ्या मॅगेलनी मेघाच्या ओढीने अलीकडच्या कक्षा वाकल्या आहेत. मॅगेलनी मेघांसोबत आलेल्या अतिमंद दीर्घिकांमधील तारानिर्मिती इतरांपेक्षा सुमारे ६० कोटी वर्षे उशिरा संपली, असे २०२१ मधील एका कामात आढळले आहे. परिसराचा परिणाम त्या काळातही होता, असा याचा अर्थ लावता येतो. ६० कोटी वर्षे म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबाने ०.१ प्रतीहूनही कमी फरक. पण सर्व दीर्घिका एकाच पद्धतीने, एकाच प्रतिकृतीने मोजलेल्या असल्या की अंतरे पक्की असतील तिथे सापेक्ष फरक निरपेक्ष तारखेपेक्षा अधिक विश्वसनीय असतो. म्हणून मी हा निष्कर्ष गांभीर्याने घेते आणि तरीही तो पायाभूत मानत नाही.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर वस्तुमानाप्रमाणे बदलते. एक लाख सूर्यांपेक्षा पुष्कळ लहान दीर्घिकांत पुनर्आयनीभवन हेच पुरेसे कारण असावे. दहा लाख ते दहा कोटी सूर्यांच्या दरम्यानच्या उपदीर्घिका आकाशगंगेत शिरल्यावर साधारण दोन अब्ज वर्षांच्या आत विझतात आणि तिथे दोष परिसराचाच आहे. मॅगेलनी मेघांएवढ्या दीर्घिका पुष्कळ काळ तग धरतात, आणि हे दोन मेघ तर बहुधा पहिल्यांदाच इतके जवळ आलेले आहेत. मधल्या पट्ट्यात, म्हणजे काही लाख सूर्यांच्या सभोवती, दोन्ही कारणे एकावर एक चढलेली आहेत: आधी विश्वाने वायू तापवून ठेवला आणि तो पुन्हा थंड होण्याआधी आकाशगंगेने तो काढून घेतला. कॅरिनाला मधल्या काळात पुन्हा वायू मिळाला, ड्रॅकोला मिळाला नाही. दोघींचे वस्तुमान फारसे वेगळे नाही, त्यामुळे फरक त्या आकाशगंगेत केव्हा शिरल्या यात असावा, असे माझे मत आहे.

तुम्हाला या विषयात काम करायचे असेल, तर पुढील पायरी मी अशी सुचवीन. हबलच्या सार्वजनिक संग्रहातून कॅरिना आणि ड्रॅको या दोघींची मोजणी उतरवून घ्या, दोन्ही आलेख निरपेक्ष प्रतीत बदलून एकाच मोजपट्टीवर छापा, आणि पारदर्शक कागदावर ५, ८, १० आणि १३ अब्ज वर्षांचे समवय वक्र काढून ते हाताने सरकवून पाहा. नंतर प्रत्येकीचे अंतर मुद्दाम पाच टक्क्यांनी वाढवा आणि कमी करा, आणि दर वेळी तुमच्या तारखा किती हलतात ते पेन्सिलीने समासात लिहून ठेवा. समवय वक्रांचे निदान दोन वेगवेगळे संच वापरा, कारण संच बदलला तरी तारीख हलते. हे कागद घेऊन कोणत्याही रविवारी सकाळी ठाण्याला या; भिंतीवरच्या कॅरिनाशेजारी ते लावून आपण कोऱ्या जागेपासून सुरुवात करू.